मदत हवी आहे: जेनेट रँकिन यांच्या 1918 च्या पराभवाचे खरे कारण कोणते मानावे?

नमस्कार. अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तेथील संसदेवर, निवडून आलेल्या पहिल्या महिला, जेनेट रँकिन, यांच्यावर मी आमच्या वाचनालयात व्याख्यान देणार आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे.

स्त्रियांना 1914 सालीच मताधिकार देणाऱ्या मोंटाना राज्यातून त्या नोव्हेंबर 1916 मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहावर) निवडून आल्या. 2 एप्रिल 1917 रोजी त्यांनी शपथ घेतली आणि चारच दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या युद्धठरावाला विरोध केला. तो ठराव 373 विरुद्ध 50 मतांनी संमत झाला. पुढे 1918 साली त्या सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत हरल्या, आणि हा पराभव म्हणजे त्या एका मताची शिक्षा होती, असे सर्रास सांगितले जाते.

मला हे कारण अपुरे वाटते. विरोधी मत देणारे इतर 49 जण पुरुष होते. त्यांपैकी क्लॉड किचिन तर सभागृहातील बहुमतवाल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते होते, आणि ते पुढेही निवडून येत राहिले. उलट, 1916 मध्ये मोंटानाच्या दोन्ही जागांसाठी सबंध राज्य मतदान करत असे आणि रँकिन दुसऱ्या क्रमांकाच्या मतांवर निवडून आल्या होत्या. नंतर राज्याचे दोन मतदारसंघ झाले आणि त्यांचे घर डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलेल्या पश्चिम भागात गेले, म्हणून त्यांनी सबंध राज्याच्या मतदानाने निवडल्या जाणाऱ्या सिनेटचा मार्ग धरला. शिवाय, जून 1917 मध्ये मोंटानातील ब्यूट येथील खाणीच्या आगीत 168 कामगार दगावल्यावर त्या खाणकामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि बलाढ्य अ‍ॅनाकोंडा तांबे कंपनीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्यांच्या हातून थोडक्यात निसटली, हेही विसरता येत नाही.

गांधीविचारांच्या ओढीने त्या 1946 नंतर अनेकदा भारतात आल्या होत्या, त्यामुळे श्रोत्यांना त्यांचा युद्धविरोध लगेच जवळचा वाटेल. म्हणूनच पराभवाची सोपी कथा सांगून मोकळे होणे मला नको आहे. अमेरिकन राजकारणाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगावे, की मतदारसंघांची फेररचना आणि खाणमालकांचा विरोध यांना मी युद्धमतापेक्षा अधिक महत्त्व दिले, तर ते न्याय्य ठरेल का?

आणखी एक शंका आहे. 1916 च्या त्या रचनेला ‘द्विसदस्यीय मतदारसंघ’ म्हणावे का? आपल्याकडे 1952 साली डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघातून उभे होते, परंतु तेथे एक जागा राखीव होती, मोंटानात तसे काही नव्हते. श्रोत्यांचा घोटाळा होणार नाही असा शब्द सुचवल्यास मी आभारी राहीन.