ॲरिझोनात आरव्हीसाठी हुकअपशिवायची सरकारी जागा कशी शोधावी?

प्रश्न:
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पुण्याहून आलेल्या आईबाबांना घेऊन फीनिक्सहून २५ फुटी भाड्याच्या आरव्हीने (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने) चार रात्री फिरण्याचा आमचा बेत आहे. वीज-पाण्याची जोडणी असलेली ठिकाणे भरली आहेत. सरकारी जमिनीवर हुकअपशिवाय, म्हणजे अशा जोडणीशिवाय, राहण्याची तयारी आहे, पण आरक्षणाच्या संकेतस्थळावर अशा जागा दिसत नाहीत. जागा रिकामी आहे की नाही, हे आधी कसे कळावे? वयस्कर माणसांना घेऊन अंधारात भटकावे लागू नये, एवढीच काळजी आहे.

उत्तर १:
त्या जागा दिसत नाहीत, कारण त्यांचे आरक्षणच होत नाही. जो आधी पोहोचेल त्याची जागा. म्हणून रिकामी जागा शोधण्याआधी जमीन कोणाची आहे ते पाहावे. नकाशावर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याची जमीन पिवळी, राष्ट्रीय वनांची हिरवी आणि राज्याच्या ट्रस्टची निळी दाखवतात. पिवळ्या भागात साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस विनाशुल्क राहता येते, तर निळ्या भागासाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय वनात जायचे झाल्यास वनखात्याचा वाहन-वापर नकाशा मोफत मिळतो. कोणत्या रस्त्यालगत मुक्काम चालतो ते त्यावर ठिपक्यांनी दाखवलेले असते.

उत्तर २:
माझ्या मते तुम्ही क्वार्टझसाइट या वाळवंटी गावाला जावे. आय-१० महामार्गाने फीनिक्सपासून ते सुमारे २०० किलोमीटर आहे आणि उंची कमी असल्याने तेथील हिवाळा सौम्य असतो. याउलट ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ २,१०० मीटरच्या आसपास असून तेथे त्या दिवसांत बर्फ पडू शकते. डोम रॉक, हाय जॉली, स्कॅडन वॉश आणि प्लोमोसा रोड या १४ दिवसांच्या मोफत जागा एवढ्या विस्तीर्ण आहेत की, एक भरली तरी दुसरीकडे सोय होते. पाणी व सांडपाण्याची व्यवस्था हवी असल्यास जवळच्या ला पोसा या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्राचा परवाना शुल्क भरून घ्यावा. त्याचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असतो. आयओव्हरलँडरसारख्या, प्रवासी मुक्कामाच्या जागा नोंदवतात अशा ॲपवरील अलीकडच्या नोंदी वाचून रस्त्याची अवस्था आणि मोबाइलची रेंज समजते, पण त्या नोंदींवरून परवानगी आहे असे गृहीत धरू नये. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून दुपारी तीनपर्यंत पोहोचा.

उत्तर ३:
वरच्या सल्ल्यात एक भर घालतो. भाड्याचा करार आधी नीट वाचा, कारण कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास काही करारांत मनाई असते आणि मग विमाही लागू होत नाही. निघताना पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या असाव्यात. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करून जनावरांची वाट अडवू नये. ॲरिझोनाचा कायदाच तसा आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. करारात कच्च्या रस्त्याला मनाई असल्याचे आताच पाहिले. भाड्याने देणाऱ्यांकडून लेखी परवानगी मागतो. ती न मिळाल्यास ला पोसाचा रस्ता चालेल का, तेही त्यांनाच विचारतो.