नायक मनातून उतरतो, तरी सोडवत नाहीत अशा मालिका सुचवा

निशिगंध:
'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व (२०१९) आम्ही घरात सगळ्यांनी मिळून पाहिलं. अण्णा नाईक बाहेरख्याली, दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा, जिवावर उठायला मागेपुढे न पाहणारा. तरी अण्णा साकारणारे माधव अभ्यंकर पडद्यावर आले की सासूबाईंची जपमाळ थांबायची. 'मेल्याचं वाटोळं होवो' म्हणत दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वेळेवर समोर! आता सोशिक सुनांच्या मालिका अळणी लागतात. परदेशी चालेल, सबटायटल वाचतो. आणि खरंच असल्या माणसांमुळे मालिका पकड घेते का?

पिंपळपार:
घेते, पण नुसतं दुष्ट असून भागत नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट होती आणि ती त्याने सोडली, हे आपल्याला दिसावं लागतं. म्हणून 'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३, ६२ भाग) आधी बघा. रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, कॅन्सर झालेला, घरच्यांसाठी म्हणून अमली पदार्थ बनवायला लागतो. पहिल्याच पर्वात जुना श्रीमंत मित्र उपचारांचा सगळा खर्च उचलायला तयार होतो. हा नको म्हणतो. घमेंड! तिथून पुढे 'घरच्यांसाठी' हे कारण आपल्याला पटेनासं होतं, तो मात्र तेच घोकत राहतो.

(पुढे रसभंग आहे.) दुसऱ्या पर्वात एका भागात तो तान्ह्या लेकीला कुशीवर निजवतो आणि मागे टेकण लावतो, दूध उलटलं तर घशात जाऊ नये म्हणून. त्याच भागात त्याच्या धंद्यातल्या जोडीदाराची मैत्रीण जेन नशेत बेशुद्ध असते, ती उताणी पडते, तिला उलटी होते, श्वास कोंडतो. हा धावतो, हात पुढे करतो आणि थांबतो. नुसतं कुशीवर वळवायचं होतं. तो रडतोही. मी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला, दर वेळी वाटतं आता तरी वळवेल.

'द सोप्रानोज' (१९९९ ते २००७) त्याही आधीची. पाचव्या भागात माफिया टोळीतला टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो आणि त्याच फेरीत टोळीच्या जुन्या खबऱ्याचा गळा आवळतो. बापाची माया खरी आणि खूनही खरा.

रानजाई:
पिंपळपार यांना +१. पण एक गोष्ट मला फार खुपते. वॉल्टरला चाहते मिळाले आणि त्याला अडवणाऱ्या बायकोच्या, स्कायलरच्या वाट्याला शिव्या आल्या. त्या भूमिकेतल्या अ‍ॅना गन यांना २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या द्वेषाबद्दल लेख लिहावा लागला. अण्णांबद्दल बोलतानाही आधी त्यांच्या बायकोबद्दल, माईंबद्दल बोलावं, घर त्यांनी सावरलं. निशिगंध, बघताना सासूबाई कुणाच्या बाजूने बोलतात ते नक्की लिहा.

गावगाडा:
मला नाही पटत. 'सक्सेशन' (माध्यमसम्राट बापाच्या कंपनीसाठी मुलांची झुंज) सगळे डोक्यावर घेतात, मी तीन भागांत सोडली. एक माणूस धड नाही. कुणाचं भलं व्हावं असं वाटतच नसेल तर बघायचं कशासाठी?

पिंपळपार:
गावगाडा, सहाव्या भागापर्यंत थांबायला हवं होतं. मुलगा केंडल बापाला, लोगनला, कंपनीच्या प्रमुखपदावरून हटवायला मतदान घडवून आणतो आणि ऐन वेळी स्वतःच रहदारीत अडकतो. गाडी सोडून पळत सुटतो, फोनवरून बैठकीत बोलायला बघतो. इकडे म्हातारा लोगन खोलीतल्या एकेकाकडे बघून मत विचारतोय. त्या क्षणी मला केंडल जिंकायला हवा होता, आणि तो किती पोकळ आहे हे आधीच ठाऊक होतं. या ओढाताणीसाठीच मी असल्या मालिका बघतो.

निशिगंध:
सासूबाईंना रक्तपात सोसत नाही. मग कुठून सुरू करू?

पिंपळपार:
मग 'सक्सेशन'च. ३९ भाग, मारामारी जवळपास नाही. शिव्या मात्र वाक्यागणिक आहेत, पहिला भाग तुम्ही एकट्याने बघून घ्या. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये सुरुवातीलाच प्रेत अ‍ॅसिडात विरघळवतात, ती त्यांच्यासोबत नको.