चौदा सेकंदांनंतर आरपीसी सर्व्हरशी जोडणी होणे थांबते

उद्यमनगरकर:
नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील काही फाउंड्रींच्या भट्ट्यांचे तापमान एका ठिकाणी नोंदवण्यासाठी आम्ही छोटा आरपीसी सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आलेले फंक्शन-कॉल चालवून उत्तर देणारा) लिहिला आहे. तो किती भार पेलतो हे पाहण्यासाठी दुसऱ्या लिनक्स संगणकावरून सेकंदाला २,००० कॉल पाठवतो. प्रत्येक कॉलसाठी नवी जोडणी उघडली जाते आणि उत्तर मिळताच क्लायंट ती बंद करतो. पहिले चौदा सेकंद सर्व सुरळीत चालते आणि मग ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ (मागितलेला पत्ता देता येत नाही) अशा त्रुटींची रांग लागते. चहा पिऊन परत आलो की चाचणी पुन्हा नेमकी तेवढाच वेळ चालते. सर्व्हरची मेमरी आणि थ्रेड वाढवूनही फरक पडला नाही. त्याच्या लॉगमध्ये तर काहीच दिसत नाही. सर्व्हर कमी पडतो आहे का?

पंचगंगाकाठ:
लॉगमध्ये काहीच नसणे हाच पुरावा आहे, कारण ही त्रुटी क्लायंटच्या संगणकावरच उद्भवते आणि सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट (जोडणीच्या टोकाचे क्रमांक) राखलेले असतात, म्हणजे एकूण २८,२३२. जो पक्ष जोडणी आधी बंद करतो त्याच्याकडे तो पोर्ट ६० सेकंद ‘टाइम-वेट’ म्हणजे बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेच्या अवस्थेत राहतो. २८,२३२ ला २,००० ने भागून पाहा, आपले चौदा सेकंद तिथेच मिळतील. चहाने काम होते ते याच कारणाने! आपल्या भाषेत सांगायचे तर, ओतलेली मोल्डिंगची पेटी गार होईपर्यंत दुसऱ्या ओतकामाला घेता येत नाही, आणि आपण एका मिनिटात सगळ्या पेट्या भरून टाकता. या पद्धतीने एका क्लायंटवरून एकाच सर्व्हर पोर्टकडे सतत सेकंदाला सुमारे ४७० जोडण्यांपेक्षा पुढे जाता येणार नाही. चाचणी चालू असताना क्लायंटवर जोडण्यांची यादी दाखवणाऱ्या ‘एसएस’ आज्ञेने टाइम-वेटमधील जोडण्या मोजून खात्री करून घ्यावी.

जुना प्रोग्रामर:
वरील निदान बरोबर वाटते. पोर्टची व्याप्ती वाढवता येते आणि टाइम-वेटमधील पोर्ट पुन्हा वापरू देणारे ‘टीसीपी-टीडब्ल्यू-रीयूज’ही चालू करता येते, पण माझ्या मते तो उपाय नव्हे, पळवाट आहे. टाइम-वेट लवकर संपवणारा ‘टीडब्ल्यू-रीसायकल’ हा पर्याय सुचवणारे जुने लेख तर वाचूच नयेत; नॅटमागच्या (एकच पत्ता अनेक संगणकांत वाटून वापरणाऱ्या) ग्राहकांच्या जोडण्या त्याने तुटत असत आणि लिनक्स ४.१२ मध्ये तो पर्यायच काढून टाकला. मुख्य प्रश्न असा की, भट्टीवरील यंत्रे प्रत्येक नोंदीसाठी नवी जोडणी उघडणार आहेत की एकच जोडणी टिकवून ठेवणार आहेत? चाचणीने तेच करावे, नाहीतर आपण सर्व्हर नव्हे, क्लायंटचे पोर्ट मोजत बसाल.

उद्यमनगरकर:
मनःपूर्वक आभार. टाइम-वेटची संख्या खरोखरच अठ्ठावीस हजारांवर थांबत होती. यंत्रे जोडणी टिकवूनच ठेवणार असल्याने आता ५०० कायम जोडण्या उघडून चाचणी घेतली आणि त्रुटी गेल्या. मात्र सुरुवातीला सर्व जोडण्या एकदम उघडताना काहींना एक सेकंदाहून थोडा अधिक, तर मोजक्यांना तीन सेकंद लागतात. नेटवर्क तर एकाच खोलीतले आहे.

पंचगंगाकाठ:
एक आणि तीन हे आकडे नेटवर्कच्या संथपणाचे नाहीत. सर्व्हरची स्वीकृतीची रांग (प्रोग्रामने अजून हाती न घेतलेल्या जोडण्यांची) भरली की लिनक्स नवी विनंती गुपचूप टाकून देते. क्लायंट ती एका सेकंदाने आणि मग आणखी दोन सेकंदांनी पुन्हा पाठवतो. जोडण्या ऐकू लागणाऱ्या ‘लिसन’ कॉलला आपण किती बॅकलॉग, म्हणजे या रांगेची लांबी, दिला आहे? ‘सोमॅक्सकॉन’ ही लिनक्सची या रांगेवरील मर्यादाही पाहावी, कारण दोहोंतील लहान आकडा लागू होतो, लिनक्स ५.४ पूर्वी ती मुळात १२८ होती, त्यानंतर ४,०९६.

उद्यमनगरकर:
बॅकलॉग ५ होता, पायथनच्या सॉकेट-सर्व्हरमधील मूळ आकडा तसाच राहिला होता. तो १,०२४ केल्यावर पाचशेही जोडण्या विनाविलंब झाल्या.