मदत हवी आहे : विद्यापीठात कुणी ऑनलाइन फसलं तर ते पहिल्या तासातच बोलेल, यासाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी एका राज्य विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते, सोबत राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. पुढच्या महिन्यात ऑनलाइन फसवणुकीवर जागृती सप्ताह घ्यायचा आहे. व्याख्यान, पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा हे सगळं गेल्या वर्षीही केलं. सभागृह भरलं होतं, सायबर पोलीस ठाण्याचे अधिकारी आले, छान बोलले. पुढच्या चार महिन्यांत माझ्या माहितीतल्या तीन जणांना फटका बसला आणि त्यातले दोघं त्या व्याख्यानाला हजर होते. म्हणून यंदा तेच पुन्हा करायला मन घेत नाही.

दोन प्रसंग सविस्तर लिहिते, म्हणजे माझी अडचण कळेल.

आमच्याकडचे एक वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दुपारी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निरोप आला. नंबर अनोळखी, पण फोटो आणि नाव कुलगुरूंचं. "कार्यालयात आहात का?" काकांनी लिहिलं, "हो सर." मग पुढचा निरोप : "मी गोपनीय बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही. पाहुण्यांसाठी गिफ्ट व्हाउचर तातडीने हवेत. पाच हजारांचे चार घ्या आणि कोड पाठवा. संध्याकाळी पैसे मिळतील." काकांनी डबा तसाच झाकून ठेवला, स्वतःच्या खात्यातून व्हाउचर घेतले, एकेक कोड पाठवला. "अजून चार" असं आलं तेव्हा खात्यात पैसे उरले नव्हते, म्हणून थांबले. वीस हजार गेले.

नऊ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. घरीही नाही. दहाव्या दिवशी मी एका बिलावर सही घ्यायला गेले तर त्यांचा चेहरा बघून मीच विचारलं. सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून गेलं, "काका, सरांच्या पीएंना एक फोन करून विचारायचं ना!" ते म्हणाले, "मॅडम, पस्तीस वर्षं नोकरी केली. साहेबांनी सांगितलं आणि आपण उलट विचारलं, असं एकदाही केलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. काकांना ओटीपी कुणाला सांगू नये हे पक्कं माहीत आहे. त्यांना कुणी ओटीपी मागितलाच नव्हता. वरच्या माणसाला विचारायचं नसतं, ही आमच्या कार्यालयांतली रीत त्या भामट्याला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

दुसरा प्रसंग एमएच्या विद्यार्थ्याचा. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करायचा, शांत मुलगा. मेसचे तीन महिने थकले होते. मित्राच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, "गेमिंग कंपनीला खाती लागतात. तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार मिळतील." यानं एटीएम कार्ड, पिन आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड देऊन टाकलं. पाच आठवड्यांनी खातं गोठलं. त्याच खात्यात त्याची महाडीबीटीची शिष्यवृत्ती येते. बँकेत गेला तर उत्तर मिळालं, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून खातं थांबवलंय. मग नोटीस आली. कागद माझ्यासमोर ठेवताना त्याचे हात थरथरत होते. "मॅडम, मी कुणाला फसवलं नाही. माझ्या खात्यात कुणाचे पैसे आले तेसुद्धा मला माहीत नाही." ते खरंच आहे. पण ज्यांचे पैसे लुबाडले गेले, त्यांचे पैसे त्याच्याच नावावरून पुढे सरकले हेही खरं आहे. खातं भाड्यानं देणं हा गुन्ह्यातला सहभाग ठरू शकतो, हे गेल्या वर्षीच्या व्याख्यानात एका वाक्यात येऊन गेलं होतं. पोस्टरवर तर नव्हतंच.

तिसरा प्रसंग थोडक्यात : "स्कॉलरशिप मंजूर, ॲप डाउनलोड करा" असा निरोप, त्यातली एपीके (बाहेरून ॲप बसवायची) फाइल, ती बसवल्यावर फोनमधले एसएमएस तिकडे जायला लागले. मुलीनं त्याच संध्याकाळी रेक्टरबाईंना सांगितलं. बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला लगेच फोन गेले, बरीचशी रक्कम अडवली गेली. तिघांत वेळेवर बोलली ती एकटीच.

माझे प्रश्न असे :

लाज आणि भीती बाजूला ठेवून माणूस लगेच बोलेल, अशी व्यवस्था कुणी आपल्या कॉलेजात किंवा कचेरीत केली आहे का? नेमकं काय केलं?

आमच्या प्रशासनातल्या एकांची सूचना आहे की सगळ्यांना खोटी फसवी मेल पाठवून परीक्षा घ्यावी आणि क्लिक करणाऱ्यांची यादी फलकावर लावावी. मला हे पटत नाहीये, पण विरोध करायला नेमका मुद्दा हवा आहे.

आणि त्या विद्यार्थ्यानं आता काय करावं? वकील करण्याइतके पैसे त्याच्याकडे नाहीत.

जाणकारांनी कृपया लिहावं.

निवृत्त_रोखपाल

ताई, मी 31 वर्षं बँकेत होतो. आधी वेळेचं सांगतो. 1930 वर तक्रार नोंदवली की ती त्या साखळीतल्या बँकांकडे जाते. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात सरकत असतात. ते एटीएममधून निघण्याआधी जिथं सापडतील तिथं अडवले जातात. म्हणून तास मोजायचे. नऊ दिवसांनी फक्त मागमूस उरतो. तरीही आपल्या काकांनी तक्रार जरूर करावी आणि ज्या कंपनीचे व्हाउचर होते तिलाही कळवावं. कोड वापरला गेला नसेल तर थांबवता येतो.

फोन करताना हाताशी काय असावं ते फलकावर लिहा : आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक 12 अंकी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. घाबरलेल्या माणसाला तो सापडत नाही. शाखेत माझ्यासमोर लोकांनी मोबाइल माझ्या हातात दिलेत, "साहेब, तुम्हीच शोधा" म्हणून.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात एक नियम घातला. ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर पुढं जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्यात आपलाच फायदा आहे. मुलांना हे नेमकं असंच सांगा.

तालुका_वकील

विद्यार्थ्याबद्दल. नोटिशीकडे दुर्लक्ष अजिबात नको. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालची असेल तर तिचा अर्थ हजर राहून सहकार्य करा असा आहे. सहकार्य करणाऱ्याला सहसा अटक होत नाही, गैरहजर राहिला तर होऊ शकते. घडलं तसं तारीखवार लिहून काढायला सांगा. त्या ओळखीच्या माणसाशी झालेलं चॅटिंग, मिळालेल्या पाच हजारांची नोंद, काहीही पुसायचं नाही. चॅट पुसलं की निर्दोष मुलगाही संशयास्पद दिसतो. ते सिमकार्ड आणि एटीएम कार्ड त्यानं आजच लेखी अर्ज देऊन बंद करावं.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेले, यांना तिथं मोफत वकील मिळतो. मुलाला एकट्याला पाठवू नका, तुमच्यापैकी कुणीतरी सोबत जा. कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्या पोराला सोबत मोठं माणूस असलं की फार धीर येतो.

शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथं आधार जोडून घ्यावं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नवीन खातं उघडायला अडचण आली तर समाजकल्याण कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या.

शमी

मी पुण्यात आयटीत आहे, आमच्याकडे अशा खोट्या मेल नेहमी येतात. यादी फलकावर लावायला माझा ठाम विरोध. ज्याचं नाव फलकावर लागलं, तो पुढच्या वेळी खरंच फसला तर मरेपर्यंत बोलणार नाही. तुम्हाला जे हवंय त्याच्या बरोब्बर उलट होईल. हाच मुद्दा मांडा.

परीक्षा घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी पाळा. शिष्यवृत्ती, निकाल, थकलेला पगार ही आमिषं वापरू नका. ज्या मुलाचे शिष्यवृत्तीचे पैसे आठ महिने आलेले नाहीत, त्याला "मंजूर झाली" असं खोटं कळवणं क्रूर आहे. आणि किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती जणांनी ती मेल तुमच्याकडे कळवली, तो आकडा मोजा आणि तोच जाहीर करा.

लिंकमधला पत्ता वाचायला मात्र शिकवा. एसी डॉट इन हा शेवट शैक्षणिक संस्थांनाच मिळतो. पण भामटे तो मधेच घुसवतात : विद्यापीठाचं नाव, मग डॉट एसी डॉट इन, मग डॉट फॉर्म-अपडेट डॉट कॉम. डोळा पहिल्या अर्ध्यावरच थांबतो. सुरुवातीचं https:// सोडून पुढं येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते बघायचं. तिथं फॉर्म-अपडेट डॉट कॉम असेल तर ते तुमचं विद्यापीठ नाही. प्रोजेक्टरवर दहा खरे-खोटे पत्ते लावा आणि मुलांनाच ओळखायला सांगा.

संशोधक_विदर्भ

पीएचडीवाल्यांना विसरू नका. "आपला लेख स्वीकारला आहे, आजच प्रकाशन शुल्क भरा" अशा मेल आम्हाला रोज येतात. खऱ्या नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख) क्रमांक जसाच्या तसा, फक्त संकेतस्थळ बनावट. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली, तेव्हापासून पडताळायचं कुठं हा प्रश्नच आहे. मी ग्रंथपालांना विचारतो. प्रत्येक विभागानं हेच करावं असं मला वाटतं.

वसतिगृहातली_आई

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, वेगळ्या गावात. आमच्याकडे एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय : "पैसे गेले, फोटो गेला, कुणी धमकावतंय? रात्री कधीही दार वाजवा. आधी फोन लावू, का झालं ते नंतर विचारू." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुली पैशांपेक्षा घरी कळेल याला जास्त भितात. फोटोवरून धमक्या देणाऱ्यांचं सगळं बळ त्या भीतीतच असतं. नियम लावला त्या वर्षी सात मुली आल्या. त्याआधीच्या वर्षी एकही नव्हती. त्या वर्षी काही घडलंच नसेल यावर माझा विश्वास नाही.

आलेल्या मुलीला रागवायचं नाही, हे मला स्वतःला शिकायला वेळ लागला. पहिल्या मुलीला मी "अक्कल कुठं गेली होती" असं म्हणाले होते. ती पुढं काही बोललीच नाही. अजून टोचतं ते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते कळवते.

विद्यार्थ्यासोबत मी आणि एक सहकारी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आलो. वकील मिळाले, लेखी जबाब तयार झाला. पुढच्या आठवड्यात तो हजर होईल, मी सोबत जातेय. नव्या खात्याला आधार जोडण्याचा अर्जही दिलाय.

यादी फलकावर लावण्याचा विषय शमी यांचा मुद्दा वाचून दाखवल्यावर मागे पडला.

कुलगुरूंना भेटून काकांचं नाव न घेता सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतः कागद घेतला आणि परिपत्रकाचा मजकूर लिहिला. त्यातली दोन वाक्यं अशी : "मी कोणत्याही कर्मचाऱ्याकडे संदेशाद्वारे पैसे अथवा व्हाउचर मागणार नाही. माझ्या नावाने असा संदेश आल्यास मला किंवा माझ्या कार्यालयाला फोन करून खात्री करणे हे आपले कर्तव्य आहे, त्यात कोणताही अनादर नाही." परिपत्रक निघालं त्या दुपारी काका माझ्या खोलीत आले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तक्रारीचा फॉर्म भरायचाय, मदत कराल?" सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर आम्ही दोघांनी मिळून तक्रार नोंदवली.

आता एकच मदत हवी आहे. मुलांचे आईवडील गावाकडे असतात आणि त्यांना वेगळेच फोन येतात : "तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, सोडवायचा तर पैसे पाठवा," आणि मागं रडण्याचा आवाज. किंवा व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस "डिजिटल अटक" करतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही, पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्येही ते सांगितलं होतं. पण घाबरलेल्या आईला ते तेव्हा आठवत नाही. म्हणून दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून मुलांकरवी घरी पाठवायचं ठरवलंय : फोन ठेव, आधी पोराला लाव, तो उचलत नसेल तर या वसतिगृहाच्या नंबरवर लाव. मराठीतलं मी करतेय. आमच्याकडे अहिराणी आणि गोरमाटी (बंजारा) बोलणाऱ्या घरांतली बरीच मुलं आहेत. इथं कुणी या भाषा घरी बोलणारं असेल, शक्यतो आईच्या वयाचं, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मजकूर पाठवते. तो तुमच्या बोलीत तुम्हाला हवा तसा फिरवून घ्या.