फिटचं औषध वाढलं आणि मुलाचं जेवणच गेलं

मुलगा साडेपाच वर्षांचा, एपिलेप्सी आहे आणि डेव्हलपमेंटल डिले (वाढीचे टप्पे उशिरा) पण. बोलत नाही, नको असेल तर हाताने ढकलतो एवढंच. आधीचं औषध चालू ठेवून दीड महिन्यापूर्वी टोपिरामेट सुरू केलं, फिट्स खरंच कमी झाल्या पण खाणं पार गेलं. घास घेतो आणि गालात धरून बसतो, दहा दहा मिनिटं, मग सगळं बाहेर. वजन १५ किलो ४०० होतं, काल १४ किलो ३०० भरलं. घरातले म्हणतात लाडावलाय. चार दिवस औषध बंद करून बघू का? कोणाला अनुभव आहे का?

– ताई, औषध स्वतःहून बंद नका करू, चार दिवस काय एक दिवसही नको. एकदम थांबवलं की फिट्स उसळतात, न थांबणारी फिटसुद्धा येऊ शकते. टोपिरामेटने भूक जाते, वजन उतरतं, चवही बदलते, लाडाचा काही संबंध नाही. आमच्या लेकीचं हेच झालेलं, डॉक्टरांनी रक्तातलं बायकार्बोनेट बघितलं (या औषधाने रक्तात आम्ल वाढू शकतं, त्यानेही भूक मरते) आणि मग त्यांनीच डोस थोडा खाली आणला. पाण्याकडे पण लक्ष ठेवा, याने मुतखडा होऊ शकतो आणि न जेवणारी पोरं पाणीही धड पीत नाहीत.

– सगळं औषधावर ढकलू नका हं. आम्ही तीन आठवडे औषधालाच शिव्या घातल्या आणि निघाली काय तर किडलेली दाढ! उजव्या गालावर सारखा हात मारायचा, आम्हाला वाटलं सवय. शी रोज होते का ते बघा, पोट साफ नसेल तर भूक कुठून लागणार. खाताना खोकतो का, खाल्ल्यावर आवाज घरघरतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट बघतात. भरवताना सरळ बसवा, पाय लोंबकळत नको, खाली स्टूल द्या. आणि गुंगीत असताना तोंडात घास अजिबात नको.

– आधीचं औषध व्हॅल्प्रोएट आहे का? ते आणि टोपिरामेट एकत्र असताना रक्तात अमोनिया (शरीरातला विषारी टाकाऊ पदार्थ) वाढू शकतो, व्हॅल्प्रोएटने लिव्हरलाही त्रास होऊ शकतो. न जेवण्यासोबत उलट्या, सुस्ती किंवा फिट्स वाढणं असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

– हो, व्हॅल्प्रोएटच आहे. उलटी नाही, पण या आठवड्यात दुपारी उठवलं तरी उठत नाही, मला वाटलं खात नाही म्हणून गळालाय. आणि शी... चार दिवस झालीच नाहीये, आत्ता मोजलं. डॉक्टरांना फोन लावलाय, रिंग जातेय.