सिएटलहून कणकवली: मुंबईत पहाटे उतरल्यावर थेट गावाकडे निघावं का?

कातळफूल

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं एप्रिलपासून मुलाकडे सिएटलला आहोत, आता परतायचंय. तिकीट सिएटल-दुबई-मुंबई असं आहे. पहिलं विमान साधारण चौदा तासांचं, दुबईत चार-साडेचार तास थांबायचं, मग मुंबईपर्यंत अजून तीन तास. मुंबईत पहाटे तीनच्या सुमारास उतरू. आणि तो दिवस आहे गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीचा.

ह्यांनी गावातली ओळखीची गाडी विमानतळावर बोलवायचं ठरवून टाकलंय. पाचला बाहेर पडलो की दुपारी उशिरा का होईना, जेवायला घरी, असा हिशोब. मुलगा म्हणतो हॉटेल घ्या. गोरेगावची नणंद म्हणते माझ्याकडे राहा, हॉटेलचं नाव काढू नका. पण गणपती घरचा आहे. पाट शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, देऊन झालाय, माटवी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायची, साफसफाई, आणि तिकडे दीर-जाऊ दोघंच. ह्यांचा जीव इथे आहे कुठे!

ह्यांचं वय ७२, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू. माझे गुडघे कुरकुरतात. येताना मुलगा बरोबर होता, आता आम्ही दोघंच. असा प्रवास केलेल्यांनी कृपया नीट सांगा.

सड्यावरची

ताई, थेट निघू नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

आम्ही देवगडचे, लेक सॅन होजेला. आम्हीही गल्फमधूनच येतो, म्हणून हे अगदी जवळून सांगते. तुमच्या मुलाच्या दारातून निघाल्यापासून मोजा. तीन तास आधी विमानतळ, चौदा तास, मग दुबई, मग मुंबई, इमिग्रेशन, बॅगा, आणि त्यावर दहा-बारा तास रस्ता. चाळीस तासांच्या आसपास जातं. त्यातली झोप म्हणाल तर मान एका बाजूला पडून लागलेली डुलकी.

आणि सगळ्यात वाईट भाग विमानात नसतो, तो मुंबईच्या सामानाच्या पट्ट्यापाशी असतो. तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा. पाय इतके सुजलेले असतात की बुटात घातलेलं पाऊल आपलं वाटत नाही. आमचे हे बॅग ओढायला वाकले आणि तसेच पट्ट्याची कड धरून उभे राहिले. चेहरा पांढरा. दोन मिनिटांत ठीक झाले, पण त्यानंतर त्यांना बारा तास गाडीत बसवायचं माझ्या मनातही आलं नाही. आम्ही पार्ल्याला भाचीकडे गेलो. गरम भात, मुगाचं वरण, लिंबाचं लोणचं. जेवून जे झोपलो ते दुपारी उठलो.

व्हीलचेअर आजच सांगून ठेवा, दोघांसाठीही. तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते, आयत्या वेळी भरवसा नाही. बऱ्याच पुरुषांना त्यात कमीपणा वाटतो. ह्यांना सांगा की दुबईचं टर्मिनल चालत पार करायचं म्हणजे या गुडघ्यांना शिक्षा आहे, आणि मी खुर्चीत बसून जाणार असेन तर तुम्ही माझ्याबरोबर राहा. असं सांगितलं की ऐकतात. शिवाय ती माणसं इमिग्रेशनपासून बॅगांपर्यंत सोबत असतात, पट्ट्यावरून सामानही तेच उतरवतात.

नणंदेकडे दोन रात्री काढा. गणपतीच्या आदल्या दिवशी सुनेने, जावेने सगळं करून ठेवलेलं असतं हो. तुम्ही धड शरीराने पोचलात तर आरतीला उभ्या राहाल. नाहीतर दारात सगळे भेटायला येतील आणि तुम्ही दोघं आतल्या खोलीत पडून.

घाटवळण

मी कणकवलीत टुरिस्ट गाडी चालवतो. विमानतळाची भाडी नेहमी असतात. काकू, तुम्ही तुमच्या थकव्याचं लिहिलंत, मी ड्रायव्हरचं सांगतो.

पहाटे तीनच्या विमानाला गाडी इथून आदल्या दिवशी दुपारी सुटते. साडेचारशे किलोमीटर. मध्यरात्री मुंबईत पोचायचं, कुठेतरी कडेला गाडी लावून सीट मागे करून तासभर डोळे मिटायचे, तेही फोन हातात धरून, कारण पार्टीचा फोन कधी येईल सांगता येत नाही. पाचला तुम्ही बाहेर येणार. मागच्या सीटवर दोघंही पाच मिनिटांत झोपणार. एसी चालू, गाणी बंद, बोलायला कोणी नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ऊन काचेवर आलं की झापड येते. ही वेळ मला माहीत आहे. माझ्या ओळखीतला एक चांगला हात असलेला माणूस याच वेळेला दुभाजकावर गेलाय. म्हणून असं भाडं मी घेत नाही, आणि पार्टीला कारण स्पष्ट सांगतो.

शिवाय चतुर्थीच्या दोन दिवस आधी अख्खी मुंबई याच रस्त्यावर असते. अवजड वाहनं त्या दिवसांत बंद ठेवतात, कशेडीला आता बोगदा असल्यामुळे घाट टळतो, पण इंदापूर-माणगावला गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. बारा तास धरलेत ते पंधरा-सोळा कधी झाले कळणार नाही. साखरेच्या माणसाला तिथे वेळेवर खायला काय मिळणार, बाथरूमचं काय, हेही बघा.

गाडीच हवी असेल तर ड्रायव्हरला एक दिवस आधी बोलवा, रात्रभर नीट झोपवा, आणि तुम्हीही झोपून मग पहाटे निघा. त्याच्या राहण्याचे पैसे वेगळे द्या. तो खर्च वाया जात नाही.

कातळफूल

घाटवळण, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. ह्यांना वाचून दाखवलं, दोनदा ऐकलं त्यांनी. सड्यावरची ताई, पट्ट्यापाशी कड धरून उभं राहिल्याचं वाचून पोटात गोळा आला.

मग रेल्वेचं कसं? नणंदेकडून कुठली गाडी बरी?

सड्यावरची

गोरेगावहून बोरिवली जवळ. तिथून वांद्रे-मडगाव गाडी आहे, २०२४ मध्ये सुरू झाली. वसई, पनवेल करत कणकवलीला थांबते. पण आठवड्यातून दोनच दिवस असते, तुमचा दिवस जुळतो का बघा. नाहीतर ठाणे किंवा पनवेल. वंदे भारतही कणकवलीला थांबते, पण पावसाळी वेळापत्रकात ती रोज नसते आणि वेळही बदललेली असते, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका. सीएसएमटीला जाऊन चढायचा हट्ट नको, एवढं सामान घेऊन उलटं कशाला जायचं?

मुलाला सांगा, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीची तिकिटं त्या सकाळीच संपतात. तारीख अजून हातात असेल तर गजर लावून बसू दे त्याला. हुकली असेल तर गणपती स्पेशल कधी जाहीर होतात त्यावर डोळा ठेवा.

रत्नागिरीचा दवाखाना

मी जनरल प्रॅक्टिस करतो, गणपतीच्या आसपास परदेशाहून आलेले आजी-आजोबा दरवर्षी तपासायला येतात. थोडक्यात लिहितो.

चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हे मांडलं होतं. निरोगी माणसाला हा धोका तसा कमीच, सुमारे सहा हजारांत एक, पण वय, वजन, आधीचे आजार यांनी वाढतो. आणि हे फक्त विमानाला लागू नाही. चौदा तास विमानात बसून लगेच बारा तास गाडीत बसणं म्हणूनच मला मान्य नाही. दीड-दोन तासांनी उठून चालायचं, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करायचे, पाणी पीत राहायचं. दाब देणारे मोजे घालायचे तर मापाचे, आणि आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून. घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर गणपतीचं घर म्हणून थांबू नका.

गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. सिएटल आणि आपल्यात सध्या साडेबारा तासांचा फरक, म्हणजे दिवसाची रात्र. साखरेची गोळी कुठल्या घड्याळाने घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. चुकली असेल म्हणून दोन एकदम घेणारे रुग्ण मी पाहिलेत. झोपेची गोळी विमानात पहिल्यांदा घेऊन बघू नका.

सड्यावरची

डॉक्टरांनी झोपेचं काढलं म्हणून सांगते. पहिले आठ-दहा दिवस रात्री दोनला टक्क जाग येते. गणपतीचं घर असलं की वाटतं, उठलोच आहोत तर नारळ खवून ठेवू. ते करू नका. एकदा दिवा लावून कामाला लागलं की शरीराला तीच सकाळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी डोळे मिटतात. पडून राहा, नामस्मरण करा. सकाळी मात्र खळ्यात, अंगणात, उन्हात बसा, दुर्वा निवडा, फुलं ओवा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, आणि उठवायची जबाबदारी कुणा नातवंडावर द्या.

आणि तुमची खोली पाच महिने बंद असेल तर जावेला आत्ताच सांगा. श्रावणातल्या ओलीने गाद्यांना बुरशी धरते. प्रवासाने घसा आधीच सुकलेला असतो, त्यात त्या वासाच्या गादीवर झोपलं की खोकला धरलाच. एक ऊन पडलं तरी गाद्या बाहेर काढायला सांगा.

कातळफूल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळ्यांनी बसून ठरवलं. मुलाने तिकीट आठवडाभर अलीकडे ओढलं, फरकाचे पैसे भरले. नणंदेकडे दोन रात्री, मग ठाण्याहून रेल्वे, दोघांनाही खालचा बर्थ मिळालाय. व्हीलचेअर दोघांची सांगून झाली. ह्यांनी स्वतःच सांगितली. जाऊबाईंना गाद्यांचं कळवलं, तर म्हणाली कालच काढल्यात.

घाटवळण, स्टेशनवरून गाव अकरा किलोमीटर आहे. रिक्षा चालेल का?

घाटवळण

चार मोठ्या बॅगा असतील तर रिक्षा नको काकू, दोन कराव्या लागतील आणि बॅगा पावसात भिजतील. कॅरियर असलेली गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा, ताडपत्री आहे ना तेवढं विचारा. आणि ठाण्याला गाडी फार वेळ थांबत नाही. सामान चढवायला भाचे-पुतणे कुणी असतील तर दोघांना तरी फलाटावर यायला सांगा.