दगडावरचं फर्न खरं की केमिस्ट्री?

चौकसबुद्धी: फरशीच्या दुकानात एका दगडावर काळं फर्न उमटलेलं पाहिलं, बारीक बारीक फांद्यांसकट, दुकानदार म्हणतो प्राचीन झाड आहे म्हणून भाव जास्त. खरंच जीवाश्म असेल का?

खडकवेडा: बहुतेक डेन्ड्राइट असणार, म्हणजे खनिजांची झाडासारखी नक्षी, झाड नव्हे. भेगेत पाणी शिरतं, त्यातलं मँगनीज ऑक्साइड होऊन साचतं, आणि पुढे आलेल्या टोकाला नवा माल आधी मिळतो म्हणून टोकंच वाढत जातात आणि फाटे फुटतात. लोखंडाचंही असं होतं. पानाच्या भावाने घेऊ नका बुवा.

चौकसबुद्धी: मग मला पानच का दिसलं?

गप्पिष्ट: पॅरेडोलिया! ढगात चेहरे दिसतात ना, तेच. अर्धवट आकार मिळाला की मेंदू ओळखीचं काहीतरी लावूनच टाकतो.

खडकवेडा: खरं पान बघायचंय तर ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाचं जीवाश्म शोधा, नागपूर-चंद्रपूर पट्ट्यातल्या गोंडवाना खडकांत मिळतं. २५ कोटी वर्षांहून जुनं, लांबट, मधोमध ठसठशीत शीर आणि बाजूला शिरांची जाळी. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे हेच, कारण तेव्हा हे खंड भारतासकट जोडलेले होते, त्या जोडखंडालाच गोंडवाना म्हणतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या ब्रिटिश शोधक स्कॉटच्या तुकडीकडे सुमारे १६ किलो दगड सापडले, त्यातही ग्लोसोप्टेरिस होतं, शेवटपर्यंत टाकलं नाही त्यांनी.

गप्पिष्ट: आणि आपण फरशीत शोधतोय 😄